खाली ठेवलेली रायफल

बंदुकीला आंघोळ घालावी लागते असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. धुळ्यात माझं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे, सरकारी लायसन काचेत घालून भिंतीवर टांगलेलं आहे, आणि मी बंदुकांना जितक्या आंघोळी घातल्या तितक्या स्वतःला घातल्या नसतील. हे वाक्य माझं नाही, बायकोचं आहे.

पण आंघोळ खरीच. आमच्या काळच्या काडतुसाच्या टोपीत असा काही मसाला असे की बार उडाल्यावर नळीच्या आत मिठासारखा क्षार बसे. डोळ्यांना तो दिसत नाही. गिऱ्हाईक त्यावर तेल ओतून मोकळं होतं आणि मला ऐटीत सांगतं, "नाना, भरपूर पाजलं तिला तेल." आता मीठ तेलात विरघळतं का? घरात कुणी लोणचं घालत असेल तर विचारा. मीठ तेलाखाली बसून राहतं, हवेतला ओलावा ओढतं आणि नळी आतल्या आत गंजते. म्हणून आधी उकळतं पाणी. रायफलीचा बोल्ट काढायचा, नळीच्या मागच्या तोंडाला नरसाळं लावायचं, पुढचं तोंड बादलीत, आणि द्यायचं पाणी सोडून. नळी इतकी तापते की उरलेला ओलावा आपोआप उडून जातो. मग दोरीच्या टोकाला फ्लॅनेलची चिंधी बांधून ती मागून पुढे ओढायची. पुढून मागे कधी नाही, कारण नळीच्या तोंडाची कड झिजली की गोळी आपल्या मनाने जाते. चिंधी कोरी बाहेर आली की शेवटी तेलाचा पातळ हात. पातळ म्हणजे किती? नव्या नवरीच्या केसांना लावतात तितकं नव्हे, सासऱ्याच्या टकलाला लावतात तितकं.

बोल्ट म्हणजे रायफलीच्या दाराची कडी समजा. वर उचलून मागे ओढली की दार उघडतं आणि आत काडतूस असेल तर टुणकन बाहेर पडतं. पुढे ढकलली की मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीत जातं, आणि मग रायफल फक्त तुमच्या बोटाची वाट बघत असते. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा धंदा मला करीम उस्तादांनी शिकवला. मूळचे बुऱ्हाणपूरचे. दाढी मेंदीने लाल, चष्म्याची एक काडी दोऱ्याची, आणि साऱ्या जगाशी हिंदीत बोलायचे. त्यांचा पहिला धडा पाण्याचाही नव्हता आणि तेलाचाही नव्हता. कुणी बंदूक हातात देऊन सांगितलं की खाली आहे, तर ऐकून घ्यायचं, मान डोलवायची, आणि बोल्ट उघडून आत बघायचंच. बघून झालं की करंगळी घालून चाचपायचं. सख्ख्या आईने सांगितलं तरी. "बेटा," ते म्हणत, "भरी बंदूक से सब डरते हैं. आदमी मरता है तो खाली बंदूक से."

दुकानाच्या दारावर त्यांनी एका पेंटरकडून मराठीत पाटी रंगवून घेतली होती: 'आत येण्यापूर्वी बंदूक खाली करावी.' पाटीचा परिणाम असा व्हायचा, की साक्री-शिरपूरकडचे शेतकरी उंबऱ्यापाशी थांबत, पाटी वाचत किंवा कुणाकडून वाचून घेत, आणि बंदुकीचं तोंड जमिनीकडे करून, देवळात शिरावं तसे वाकून आत येत. मला वाटे, काय ही अदब! उस्ताद ती बंदूक हातात घेत, उघडत, आणि दर दहा-पंधरा बंदुकांमागे एखादं काडतूस टपकन टेबलावर पडे. उस्ताद कपाळाला हात लावत आणि मी हसत असे. मला हसायला फार आवडतं, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलंच असेल.

गिऱ्हाइकं तरी एकेक कशी! एकाची बंदूक वर्षभर माळ्यावर पडून होती. नळीत बघतो तर अंधार. कुंभारीण माशीने मातीचं घर बांधून आत पोरंबाळं घातलेली. तशीच उडवली असती तर नळी फाटून मालकाच्या तोंडावर आली असती. तर मालक मला म्हणतो, माशीचं घर मोडू नका, आमच्याकडे शुभ मानतात. मी म्हटलं, "मग वास्तुशांत करून घ्या, बंदूक दुसरी आणा."

आता मूळ गोष्टीवर येतो.

पारोळ्याच्या अलीकडे एक जिनिंग होतं, म्हणजे कापसातली सरकी काढून गठ्ठे बांधायचा कारखाना. मालक पन्नाशेठ, राजस्थानातून तीन पिढ्यांपूर्वी आलेलं घराणं. त्यांच्याकडे पहाऱ्यासाठी लायसनची एक बोल्टवाली रायफल होती आणि लायसनवर दोन रखवालदारांची नावं होती. रात्रीचे रखवालदार भीमसिंग, फौजेतून निवृत्त झालेले आमच्याकडचेच राजपूत. सगळे त्यांना सुभेदार आबा म्हणत. जन्मले खानदेशात, पण तीस वर्षं हिंदीत हुकूम ऐकले आणि दिले. चहा सांगायचा तरी कवायतीच्या आवाजात. रायफलीशी मराठीत बोलाल तर ती बिघडते, असं ते मला गंभीर चेहऱ्याने सांगत.

दिवसाचा रखवालदार दगा. आमच्या मुलखात मूल जगावं म्हणून त्याला दगडू, दगा असं नाव ठेवतात. दगडाला यम कशाला नेईल? एरंडोल तालुक्यातल्या खेड्याचा हा माणूस अहिराणीखेरीज दुसरं काही बोलत नसे. माणूस बैलासारखा सरळ. रायफल हातात घेऊन फाटकाशी उभा राहणं एवढंच त्याचं काम, कारण काडतुसं शेठजींच्या तिजोरीत असत. आबांनी त्याला वर्षभर रायफल पुसायला शिकवलं, हिंदीत. तो 'जी आबा' म्हणे आणि बघून बघून तसं करी. माझ्या दुकानात दोघं मिळून रायफल आणत, तेव्हा एकदा आबा म्हणाले होते, "नाना, आता दगाचा शब्द म्हणजे माझाच डोळा." हे ऐकायला उस्ताद हवे होते, पण ते तोवर अल्लाघरी गेले होते.

त्या वर्षी हंगाम तोंडावर आला आणि जिनिंगचं कुंपण कापून कुणी तरी रात्री गठ्ठे पळवले. शेठजी घाबरले. त्यांनी काडतुसं तिजोरीतून काढून आबांच्या हवाली केली आणि सांगितलं की यापुढे रात्री रायफल भरलेली राहील. आबा रात्री मॅगझिन भरत, सकाळी गोळ्या स्वतः काढून घेत आणि मग रायफल दगाच्या हातात देत. असं चाललं होतं.

खंडेनवमी जवळ आली होती. त्या दिवशी हत्यारांची पूजा, म्हणून त्याआधी रायफल लख्ख व्हायला हवी. दगाने आबांना खूश करायचं ठरवलं. पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावतात तसं शेंगदाण्याचं तेल त्याने रायफलीला नखशिखांत चोळलं. शेंगतेल पुढे डिंकासारखं चिकट होतं, बोल्ट अडकतो. आबांनी वास घेतला आणि सरकी वेचणाऱ्या बायकांच्या देखत त्याला ढोर म्हणाले. रायफलीला भजी तळायला नेतोस का, म्हणाले. बायका हसल्या. दगा मान खाली घालून म्हणाला, "एक दिस तुमले बी समजी, आबा." म्हणजे मी किती मनापासून केलं, ते तुम्हालाही कळेल. पण वाक्य तर असं आहे की त्यात काहीही भरता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना पत्नीसह पद्मालयाच्या गणपतीला जायचं होतं. पत्नीला सगळे अक्का म्हणत. त्याच पहाटे कुंपणापाशी काही हललं म्हणून आबांनी एक गोळी नळीत चढवली होती. एस.टी.ची वेळ झाली, अक्का फाटकाशी उभ्या. आबांनी रायफल तशीच दगाच्या हातात दिली आणि चालता चालता सांगितलं, "दगा, खाली ठेव. मी आलो की साफ करतो." दगा म्हणाला, "जी आबा." अक्कांनी हे कानांनी ऐकलं.

दुपारी ते परतले. प्रसाद वाटून झाला. आबांनी घरून उकळत्या पाण्याची किटली आणि चिंध्या आणल्या, फाटकाजवळच्या खोलीत गेले आणि दगाला विचारलं, "खाली ठेवली ना?" "ठेवी, आबा." रायफल खाटेखाली होती. आबांनी वाकून तिचं पुढचं तोंड धरलं आणि स्वतःकडे ओढली.

ज्याने तीस वर्षं कुणाला नळीसमोरून जाऊ दिलं नाही, त्याने. बार छातीत बसला. किटली कलंडली होती, आणि प्रथम पोहोचलेल्या बायका सांगत की खोलीत वाफ होती, त्यामुळे आधी काही दिसलंच नाही.

मला दोन दिवसांनी निरोप आला. फौजदारांना जाणकार माणूस हवा होता. रायफल आपोआप उडू शकते का, एवढं सांगायचं. फौजदार कोकणातून नुकतेच बदलून आलेले, सरळ गृहस्थ, पण त्यांचं मत तयार होतं. आदल्या दिवशी अपमान. धमकी. दुसऱ्या दिवशी भरलेली रायफल. "आणि नाना," मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "नाव बघा ना त्याचं. दगा." मी त्यांना नावाचा दगड समजावून सांगितला. त्यांना तो पटलेला दिसला नाही.

सगळ्यांत वाईट होतं ते दगाचं बोलणं. विचाराल तितक्या वेळा एकच वाक्य. "मी तं खालेच ठेवी व्हती, साहेब." पोलिसी कवायतीत खाली म्हणजे रिकामी. रिकाम्या रायफलीतून गोळी सुटत नाही, म्हणजे हा तोंडावर खोटं बोलतो. आणि खोटं का बोलतो? मुद्दाम केलं म्हणून. जितकं खरं सांगेल तितका तो फासाच्या जवळ जात होता.

अक्का जिनिंगच्या ओट्यावर बसल्या होत्या. आयुष्य छावण्यांमध्ये काढलेली बाई, ताठ. मला ओळखत होत्या. रडत नव्हत्या. "मिस्तरी," त्या म्हणाल्या, "माझ्यासमोर सांगितलं त्यांनी. खाली ठेव म्हणून सांगितलं. याने भरलेली ठेवली. मी कोर्टात सांगेन, कुठेही सांगेन." मी खोलीत गेलो.

फौजदारांनी रायफल माझ्या हातात दिली. "घ्या, खाली आहे." मी मान डोलवली, बोल्ट उघडला, आत बघितलं, करंगळी घातली. मग तपासणी. बोल्ट ठीक. चाप जितका कडक हवा तितका कडक. आपोआप पडणारा नव्हे. सुरक्षेचा खटका उघडाच होता, एस.टी.च्या घाईत कुणाच्या हातून राहिला ते आता कोण सांगणार? चापाच्या कड्यात मात्र काथ्याचा एक धागा अडकला होता. खाट सुंभाची, खालून एक दोरी सुटून लोंबत होती. आबांनी रायफल ओढली, दोरी चापात अडकली आणि दोरीने बोटाचं काम केलं. मी तसं सांगितलं.

फौजदारांनी ते मान्य केलं. पण त्याने दगाची सुटका होत नव्हती. गोळी कशी सुटली ते कळलं, गोळी आत का होती ते नाही.

त्यांनी दगाला बोलावलं. कोठडीतून आणलेला, डोळे आत गेलेले, ओठ फुटलेले. पोलीस पाटलाने सांगितलं की त्याने अन्नपाणी घेतलेलं नाही. अक्काही दाराशी येऊन उभ्या राहिल्या. फौजदारांनी माझ्याकडून रायफल घेऊन त्याच्या हातात दिली आणि वैतागून म्हणाले, "हं, आता आमच्यासमोर दाखव. कशी खाली ठेवलीस?"

दगा गुडघ्यांवर बसला. रायफल दोन्ही हातांनी, मूल निजवावं तशी, खाटेखाली सरकवली. उठला. "अशी," तो म्हणाला. "खाटखाले."

मग फौजदार हळू आवाजात म्हणाले, "आणि गोळ्या?"

"गोया?" दगा त्यांच्याकडे बघतच राहिला. "गोया तं आबाच काढेत."

मंडळी, डोळ्यांसमोर माझ्याच दुकानाच्या दारावरची पाटी उभी राहिली आणि वाकून आत येणारी ती सगळी अदबशीर माणसं. अदब कसली? त्यांनी पाटीवरचं मराठी मराठीत वाचलं होतं. खाली करा; त्यांनी बंदूक खाली केली होती. हिंदी फक्त उस्तादांच्या डोक्यात होती, आणि इथे आबांच्या.

पण फौजदार पोलीस खात्यातले होते. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "हे कुणी वकील पढवूनही सांगू शकतो. वर्षभर रायफलीजवळ राहिलेल्या माणसाला खाली म्हणजे काय ते कळू नये?" प्रश्न रास्त होता. माझं उत्तर त्यांना आणखी एका खानदेशी माणसाने दुसऱ्या खानदेशी माणसाची घेतलेली बाजू वाटलं असतं.

तेव्हा अक्का बोलल्या. दगाशी नाही, फौजदारांशीही नाही; खाटेकडे बघत.

"लग्नानंतर मी पहिल्यांदा छावणीत गेले," त्या म्हणाल्या. "ते बाहेरून आले, म्हणाले, लोटा खाली कर. मी लोटा चौरंगावरून काढून खाली जमिनीवर ठेवला. ते पुन्हा म्हणाले, अगं, खाली कर. मी तो उचलून पायरीवर नेऊन ठेवला. आणखी खाली कुठे ठेवायचा ते मला समजेना. मी रडायला लागले. ते हसत सुटले. पाणी ओतून दाखवलं, म्हणाले, हे खाली. पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगायचे ही गोष्ट. दरवेळी हसायचे. दगाला मात्र कधी ओतून दाखवलं नाही."

फौजदारांनी टोपी काढून हातात घेतली. मग त्यांनी अक्कांना विचारलं की हे तुम्ही लिहून द्याल का. अक्का म्हणाल्या, देईन. पुढे प्रकरण अपघात म्हणून मिटलं आणि दगा सुटला. जिनिंगवर तो पुन्हा गेला नाही. पन्नाशेठनी बोलावलं होतं, त्यानेच हात जोडले. गावी बैलांच्या मागे गेला. खंडेनवमीला त्या वर्षी जिनिंगमध्ये फक्त कात्र्या आणि वजनकाटा पुजला.

दुकानाच्या पाटीवरचा 'खाली' शब्द मी परतल्यावर खरवडून काढला. आता तिथे 'रिकामी' लिहिलेलं आहे. तरी अधूनमधून एखादं काडतूस टेबलावर पडतंच, पण आता मी हसत नाही. म्हणजे लगेच नाही.

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. कागदांवर सह्या होत होत्या, तोवर दगा जिनिंगच्या ओट्याच्या कडेला उकिडवा बसला होता. आता सुटशील म्हणून कुणी सांगितलं तरी तो हललाच नाही. "आबाले मीच मारं," एवढंच दोनदा म्हणाला. मी त्याच्या शेजारी बसलो, पण अशा वेळी माझ्यासारख्याचा काही उपयोग नसतो.

अक्का जवळच्या आपल्या घरात गेल्या आणि पितळी लोटा भरून घेऊन आल्या. त्याच्यासमोर धरला. तो घेईना. हात मागे.

"घे," अक्का म्हणाल्या. "रिकामा करून दे."

मग त्याने घेतला. वर मान करून, न थांबता प्याला. घसा वरखाली होताना दिसत होता. संपल्यावर त्याने लोटा उपडा धरून अक्कांना दाखवला. एक थेंबही पडला नाही.

अक्कांनी लोटा हातात घेतला, सरळ केला, आणि तरीही आत बघितलं.